रगात न्हेलंसा, निकाल कुठाय?

माण तालुक्यातून एका तरुण पशुवैद्यक मुलीचं पत्र आलं आहे. शिरवळच्या पशुवैद्यक महाविद्यालयातून पदवी घेऊन ती एका धर्मादाय ट्रस्टमध्ये लागली, त्याला आता दुसरं वर्ष चालू आहे. ट्रस्टचं काम जनावरांच्या आजारांवर संशोधन करण्याचं. तिच्याकडे दोन अभ्यास आहेत. एक, मेंढ्या का गाभडतात, म्हणजे दिवस भरण्याआधीच गर्भ का टाकतात, याचा शोध. त्यासाठी वाड्या-वाड्यांवर, म्हणजे मेंढपाळांच्या मुक्कामांवर, जाऊन रक्ताचे नमुने घ्यायचे. दुसरा जंतांचा, त्यात निम्म्या कळपांना पापणीच्या आतला रंग बघून (जंतांनी रक्त कमी झालं की तो फिका पडतो) औषध पाजतात आणि निम्मे कळप त्यांच्या नेहमीच्या पद्धतीवर ठेवून दोन्हींची तुलना करतात. ती लिहिते:

"सर, मागच्या महिन्यात एका वाड्यावर गेले तर मेंढरं धरायला कुणी उठेचना. म्हातारे बाबा म्हणाले, 'म्याडम, मागल्या येळंला बी रगात न्हेलंसा. त्यात काय निगालं ते सांगा की आदी.' माझ्याकडे उत्तर नव्हतं. दुसऱ्या वाड्यावर विचारलं, 'शेजारच्या खांडाला औषध देताय, मग आमी काय घोडं मारलंय?' घरी वडील म्हणतात, ट्रस्टचं काही खरं नसतं, आज आहे तर उद्या नाही. एमपीएससी दे, नाहीतर गावात दवाखाना टाक. मला काम आवडतं. पण मी जनावरांसाठी काही करतेय की नुसते नमुने गोळा करतेय, हेच कळेनासं झालंय. सोडू का?"

आत्ता सोडू नकोस. आधी संस्थेकडे एक गोष्ट लेखी माग: ज्याच्या जनावराचं रक्त घेतलं, त्याला निकाल कधी, कुणी आणि कसा सांगायचा याचा नियम. तो नियम झाला आणि पाळला गेला, तर त्या नोकरीत राहण्यासारखं बरंच आहे. दिवाळीपर्यंत वाट बघूनही "बघू, करू" एवढंच ऐकायला मिळालं, तर खुशाल दुसरीकडे जा. मग तुझ्या वडिलांचं ऐकायला माझी हरकत नाही.

दिवाळी मी उगाच म्हणत नाही. आत्ता पावसाळ्यात वाडे घराकडे आलेत. दिवाळी झाली की मेंढरं पश्चिमेकडे निघतात, काही तर घाट उतरून पार कोकणात जातात. त्यानंतर तुझा अहवाल कितीही सुबक छापून आला तरी तो द्यायचा कुणाला? आणि गाभडण्याचं कारण मेंढपाळाला निघण्याआधी कळलं तरच उपयोग. कुठली मेंढी मागे ठेवायची, कुठली वेगळी बांधायची, नवा नर आणायचा की नाही, हे तो निघायच्या आधी ठरवतो. प्रयोगशाळेचं वेळापत्रक अनुदानाच्या वर्षावर चालतं, मार्चअखेर वगैरे. वाड्याचं वेळापत्रक वेगळं आहे आणि संस्थेनं त्याच्याशी जुळवून घ्यायला पाहिजे. बाबांचा प्रश्न अगदी रास्त होता.

आता निकाल सांगायचा म्हणजे काय करायचं, ते जरा सविस्तर बोलू, कारण "अहवाल दिला" म्हणून सहीचा कागद फायलीत लागतो आणि मेंढपाळाच्या हातात इंग्रजी तक्ता पडतो, असं फार ठिकाणी चालतं. नमुना घेतानाच सांगायचं की हे रक्त कशासाठी, उत्तर साधारण कधी येईल आणि उत्तर कदाचित "काही सापडलं नाही" असंही असेल. हे आधी सांगितलेलं असलं की पुढे तोंड लपवावं लागत नाही. मग प्रत्येक वाड्याचा एक कागद, मराठीत, मोठ्या अक्षरात: किती मेंढ्या तपासल्या, कुठल्या बिल्ल्याच्या मेंढीत काय निघालं, आता काय करायचं. ज्याला वाचता येत नाही त्याला फोन करून सांग. आणि हे सांगताना वाड्यावरच्या बायकांना समोर बसव. कोकरं आणि आजारी जनावरं त्यांच्या हाताखाली असतात. कुठली मेंढी कितव्या महिन्यात गाभडली, वार पडली की अडकली, हे त्यांना तोंडपाठ असतं. तुझ्या नोंदवहीत ज्या रकान्यापुढे "माहिती उपलब्ध नाही" लिहिलेलं असेल, त्यातली अर्धी माहिती तिथे मिळेल.

सगळ्यात अवघड असतो तो वाईट निकाल. समज, रक्ताच्या रोझ बेंगॉल चाचणीत काही मेंढ्या ब्रुसेलोसिससाठी, म्हणजे जनावरं गाभडवणाऱ्या आणि माणसालाही होणाऱ्या रोगासाठी, पॉझिटिव्ह आल्या. ही पहिली चाळणी आहे, एलायझा या दुसऱ्या चाचणीनं पक्कं केल्याशिवाय कुणाला काही सांगू नकोस. पक्कं झालं की मालकाला एकट्याला गाठून सांग, पारावर चारचौघांत नको. बातमी फुटली की त्याच्या मालाला व्यापारी हात लावत नाही, आणि पुढच्या वर्षी त्या पट्ट्यात तुला कुणी नमुना देत नाही. पण एकट्याला सांगायचं म्हणजे लपवायचं असं नव्हे. जनावरांच्या संसर्गजन्य रोगांचा २००९ चा केंद्राचा कायदा आहे. त्यातल्या अनुसूचित रोगांच्या यादीत ब्रुसेलोसिस आहे, आणि कळवण्याची जबाबदारी मालकाबरोबर स्वयंसेवी संस्थांवरही टाकलेली आहे. तेव्हा सरकारी दवाखान्याला कळवायचंच, आणि कळवणार आहोत हे मालकाला आधी सांगायचं. त्याच बैठकीत पुढचं बोलून घ्यायचं: ती मेंढी दुसऱ्याच्या कळपात विकू नको, गाभडलेलं आणि वार उघड्या हातानं उचलू नको, चुना टाकून खोल पूर, कुत्र्यांच्या तोंडी लागू देऊ नको, दूध उकळल्याशिवाय पोरांना देऊ नको. घरात कुणाला ये-जा करणारा ताप, सांधेदुखी असेल तर त्याला दवाखान्यात धाड.

गाईंचे नमुने घ्यायची वेळ आली तर याहून कठीण जाईल. आपल्या राज्यात गाईच्या कत्तलीला आधीपासूनच बंदी होती, २०१५ पासून बैल आणि वळूही त्यात आले, त्यामुळे बाधित गाय कळपातून काढून टाकायचा रस्ता नाही. एका गाईवर ज्याचं घर चालतं त्याला "वेगळी बांधा" म्हणणं सोपं असतं, पण त्याच्याकडे दुसरी दावण नसते. तिथे तुला थांबून, त्याच्या गोठ्यात उभं राहून, काय जमेल ते शोधावं लागेल. व्यायला आलेली गाय तेवढे दिवस तरी लांब बांधता येईल का, कालवडींना चार ते आठ महिन्यांच्या वयात लस टोचून घेता येईल का, एवढं तरी बघ. याला वेळ लागतो, आणि संस्थेनं तो वेळ तुझ्या कामाच्या तासांत धरायला हवा.

दुसऱ्या वाड्यावरच्या प्रश्नाचं उत्तर तुझ्याकडे असायला हवं होतं. ते तुला कुणी नीट शिकवलं नाही, असं पत्रावरून वाटतं. तुलना का लागते हे मेंढपाळाला समजत नाही असं कुणी म्हणालं तर मानू नकोस. त्याला असं सांग: "औंदा पाऊस जास्त झाला तर जंत वाढणार, कमी झाला तर घटणार. सगळ्याच कळपांना नवीन पद्धतीनं औषध पाजलं आणि मेंढरं चांगली राहिली, तर ते औषधानं की पावसानं, हे कळणार कसं? म्हणून काही कळप तुमच्या पद्धतीवर ठेवलेत." एवढ्यावर बहुतेकांचं समाधान होतं. होत नाही ते पुढच्या प्रश्नावर: "मग माझी मेंढी मरताना तू नुसती बघत बसणार का?"

इथे तुला ठाम राहायचं आहे. तुलनेच्या कळपातली मेंढी आजारी दिसली तर तिला उपचार मिळालाच पाहिजे, अभ्यासाचं काहीही होवो. तुझा अभ्यास पापणीच्या रंगाचा आहे, म्हणजे पापणीचा रंग ताडून बघायचं फमाचाचं कार्ड तुझ्या खिशात असणारच. पापणी उलटली आणि रंग चौथ्या-पाचव्या खान्यातला, पांढुरका निघाला, गळ्याखाली सूज लोंबतेय, तर ती मेंढी कुठल्या गटातली हे बघायचं नाही. वजन अंदाजानं न धरता काट्यावर घेऊन पूर्ण मात्रा पाजायची आणि नोंदवहीत तारखेसह लिहायचं. अशा किती मेंढ्यांना मधेच औषध द्यावं लागलं हाही अभ्यासाचा निष्कर्षच असतो. प्रयोगासाठी जनावरं वापरणाऱ्या संस्थांवर देखरेख ठेवायची तरतूद १९६० च्या प्राणिक्लेश प्रतिबंधक कायद्याखाली आहे, आणि संस्थेत प्राणी नीती समिती असते. तुमच्या अभ्यासाला त्या समितीची मंजुरी असेल तर तो कागद मागून स्वतः वाच. आजारी जनावराचं काय करायचं हे त्यात लिहिलेलं नसेल, तर ते घालून घे. अभ्यास संपल्यावर तुलनेतल्या कळपांनाही ती पद्धत शिकवायची आणि पहिल्या खेपेचं औषध द्यायचं, हेही त्यात येऊ दे. संस्था पैशांचं कारण सांगेल. जंतनाशकं ही काही महागडी औषधं नव्हेत, हे त्यांनाही माहीत आहे.

जाता जाता, तुझा हा जंतांचा अभ्यास मला फार मोलाचा वाटतो. आपल्याकडे सरसकट सगळ्या कळपाला, वर्षानुवर्षं एकच औषध, तेही कमी मात्रेत पाजायची सवय पडली आहे. त्यानं औषधाला दाद न देणारे जंत तेवढे मागे उरतात. ज्या मेंढीला गरज तिलाच औषध, ही पद्धत आपल्या रानात, आपल्या मेंढरांत टिकते का, हे कुणीतरी शोधायलाच हवं. दुकानदार ते शोधणार नाही, औषध कंपनीला त्यात फायदा नाही, आणि सरकारी डॉक्टरच्या डोक्यावर लसीकरणाची उद्दिष्टं असतात.

वाटेत लोक जनावर दाखवतात तेव्हा काय करायचं, हे तू विचारलेलं नाहीस, पण तो प्रश्न तुला रोज पडत असणार. तू नोंदणीकृत पशुवैद्यक आहेस, तुला उपचाराचा हक्क आहे. अडलेली मेंढी, पोटफुगी, विषबाधा, घटसर्पाचा संशय असेल तर गाडी थांबव आणि कर. बाकीच्यासाठी गावच्या दवाखान्याचा रस्ता दाखव. तू फुकटचा फिरता दवाखाना झालीस की तिथल्या डॉक्टरशी तुझं वाकडं येईल, आणि दोन वर्षांनी प्रकल्प संपला की लोकांना ना तू, ना तो.

तुझ्या नमुन्यांना किंमत नाही, असं मात्र मनात आणू नकोस. बुळकांडी तुझ्या पिढीनं फक्त पुस्तकात वाचली. गावंच्या गावांच्या दावणी मोकळ्या करणारा गुरांचा रोग होता तो. लस होती, लसीकरण झालं, मग एक वेळ अशी आली की लस थांबवून रोग खरोखर गेला का हे तपासायचं होतं. ते तपासलं गेलं ते गावोगावच्या जनावरांच्या रक्तातूनच. ज्यांच्या गोठ्यातून ते नमुने गेले त्यांच्या जनावरांना त्या दिवशी काहीही मिळालं नाही. पण २००६ साली भारत बुळकांडीमुक्त ठरला आणि २०११ साली सगळं जग. वाड्यावर वयस्कर माणूस असेल तर त्याला ही गोष्ट सांग. बुळकांडी त्यांनी डोळ्यांनी पाहिलेली असते.

आणि तुझ्या जवळचंच उदाहरण फलटणचं. १९६८ साली सुरू झालेली निंबकर कृषी संशोधन संस्था, तीही ना-नफाच. सुंदरबनातल्या गरोल नावाच्या चिमुकल्या मेंढीत जुळी कोकरं होण्याचा गुण असतो. तो एकाच जनुकामुळे येतो, आणि ऑस्ट्रेलियातल्या बूरूला मेंढ्यांत सापडलेलं जनुक नेमकं तेच निघालं. फलटणच्या लोकांनी तो गुण आपल्या दख्खनी मेंढीत आणला, आणि त्यातून 'नारी सुवर्णा' ही मेंढी उभी राहिली. मला त्यातलं सगळ्यात आवडतं ते हे की संस्थेच्या गोठ्यात जुळी झाली म्हणून ते थांबले नाहीत. मेंढपाळांच्या कळपात, चालत्या वाड्यावर, ही मेंढी दोन कोकरं जगवते का, तिला खुराक किती लागतो, हे त्यांनी बघितलं. उरुळीकांचनला मणिभाई देसाईंनी १९६७ साली सुरू केलेल्या बाएफ या संस्थेनंही संकरित गाईचं काम शेतकऱ्याच्या दारापर्यंत नेलं. ट्रस्टमध्ये राहून असं काम होऊ शकतं. त्याला वर्षं लागतात, आणि तेवढी वर्षं कुणीतरी टिकून राहावं लागतं.

टिकण्यावरून तुझ्या वडिलांकडे येतो. त्यांची काळजी खरी आहे, तिला हसण्यावारी नेऊ नकोस. इंग्लंडात न्यूमार्केटला ॲनिमल हेल्थ ट्रस्ट म्हणून संस्था होती. १९४२ साली निघालेली, घोड्यांच्या आणि कुत्र्यांच्या आजारांवरच्या कामासाठी जगात नावाजलेली. आधीच पैशांची ओढाताण होती, त्यात करोनाच्या साथीत देणग्या आटल्या आणि २०२० च्या जुलैअखेर ती बंद झाली. इतकी जुनी संस्था जाऊ शकते, तर तुझ्या ट्रस्टचे हिशेब तू विचारायलाच हवेत. पैसा परदेशातून येतो का? येत असेल तर परदेशी देणग्यांच्या कायद्यातल्या २०२० च्या दुरुस्तीनंतर तो पैसा दुसऱ्या संस्थेकडे वळवता येत नाही आणि प्रशासकीय खर्चाला २० टक्क्यांची मर्यादा आहे. अनेक संस्थांत पगारांवर त्याचा ताण आला. कंपन्यांच्या सीएसआरमधून, म्हणजे समाजकार्यासाठीच्या निधीतून, येत असेल तर तो बहुधा दरवर्षी नव्यानं ठरतो. तुझा प्रकल्प कुठल्या तारखेला संपतो, नेमणूक प्रकल्पापुरती आहे की संस्थेची, पीएफ कापतात का, अपघात विमा आहे का, हे सगळं विचार. विचारायला लाजू नकोस. धर्मादाय काम आहे म्हणून माणसानं स्वतःचं काही मागू नये, हा समज आपल्याकडे फार पक्का बसला आहे, आणि त्यामुळेच चांगली पोरं दोन-तीन वर्षांत कंटाळून निघून जातात.

एमपीएससीची जाहिरात आली की पशुधन विकास अधिकाऱ्याचा अर्ज जरूर भर. अभ्यास चालू ठेव, पशुवैद्यक परिषदेची नोंदणी वेळेवर नूतनीकरण कर. झालीस अधिकारी तर वाड्यांवर मिळालेलं ज्ञान काही वाया जात नाही. दवाखाना टाकण्याचा विचार मी दोन वर्षं तरी लांबवीन. आणि वडिलांशी वाद घालत बसण्यापेक्षा एखाद्या रविवारी त्यांना बरोबर घेऊन जा. मेंढीची मान वळवून, लोकर बाजूला सारून, खोबणीत अंगठा दाबल्यावर शीर कशी फुगते, लाल टोपणाच्या नळीत रक्त घेऊन ती तिरकी का ठेवायची, गोठून सीरम सुटण्याआधी बर्फात का घालायची नाही, हे त्यांना दाखव. आपली लेक नेमकं काय करते हे त्यांनी अजून पाहिलेलंच नसावं.

एक शेवटचं, आणि यात तडजोड करू नकोस. गाभडलेल्या मेंढीजवळ हातमोजे आणि मास्कशिवाय जायचं नाही, घाई असली तरी. कालवडींना टोचायची ब्रुसेलाची लस जिवंत जंतूंची असते, सुई स्वतःला लागली तर त्याच दिवशी डॉक्टरकडे जायचं. रेबीजची प्रतिबंधक लस संस्थेच्या खर्चानं तुला आणि तुझ्या मदतनीसाला मिळायला हवी. जनावर धरणारा मुलगा यात नेहमी विसरला जातो. आणि कधी ताप आठ-दहा दिवस उतरला नाही, तर डॉक्टरला पहिल्यांदा हे सांग की तू कुठलं काम करतेस. नाहीतर टायफॉइड समजून औषधं चालू राहतात.

संस्थेनं निकालाच्या नियमाबद्दल काय उत्तर दिलं ते मला कळव. नकार दिला तर त्यांचं पत्रही पाठव, पुढे काय करायचं ते त्यावरून बोलू.